हात ऐकत नसेल, तर आधी बोट टोचा

साठी ओलांडलेल्या बाईचा एक हात अचानक आपोआप हलू लागला, तर आपल्या घरांत त्याला तीनच नावे मिळतात. पहिले, लकवा. दुसरे, ‘शुगर कमी झाली, साखरपाणी द्या’. या दोन्हींनी भागले नाही की तिसरे, जे मोठ्याने बोलले जात नाही, दाराआड कुजबुजले जाते : असर झालाय. शेजारच्या हिंदू घरात याच तिसऱ्या नावाला ‘बाहेरचं’ म्हणतात, एवढाच काय तो फरक. चौथी शक्यता मात्र सहसा कोणाच्या ओठांवर येत नाही. ती अशी, की रक्तातली साखर इतकी वाढली आहे की मेंदूतला हालचालींचा लगाम सुटला आहे.

हे मी मनाने सांगत नाही. १९६० साली बेडवेल या डॉक्टरांनी अशा आजाराची पहिली नोंद केली. त्यानंतर जपान, कोरिया, तैवान, भारत, सगळीकडून असे रुग्ण नोंदवले गेले. डॉक्टर त्याला ‘डायबेटिक स्ट्रायटोपॅथी’ म्हणतात. हालचालींना ‘हेमिकोरिया’, आणि त्या फार जोरात फेकल्यासारख्या असतील तर ‘हेमिबॅलिझम’. आजार दुर्मीळ आहे. लाखात एकापेक्षाही कमी, असा अंदाज दिला जातो. पण तो ओळखला जात नाही म्हणून आकडा लहान दिसतो, असेही डॉक्टरच म्हणतात. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे या देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तेव्हा दुर्मीळ म्हटले तरी तो कुठल्या तरी गल्लीत, कुठल्या तरी खालेच्या हातात उतरणारच.

मग इतक्या दुर्मीळ आजारावर भाषा शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने का लिहावे? कारण तो बहुतेकांत बरा होतो. कारण तो ओळखण्यासाठी लागणारी पहिली चाचणी कोल्हापुरातल्या एका मिसळीपेक्षा स्वस्त आहे. आणि कारण हा आजार आपल्या घरात ज्या वाटेने येतो, ती वाट आपल्या बायकांच्या साखरेकडे आपण कसे पाहतो हे उघड करते. या शेवटच्या कारणासाठीच हा लेख.

आधी तो दिसतो कसा ते सांगते. बहुधा शरीराच्या एकाच बाजूचा हात, किंवा हात आणि पाय दोन्ही, कधी तोंडाची तीच बाजू. हात थरथरत नाही, तर वळवळतो, फिरतो, उडतो. कंपवातात हाताला एक ठेका असतो. इथे ठेका नाही. पदर सावरायला उचललेला हात भलतीकडेच जातो, ताटातला घास बाजूला पडतो, मांडीखाली दाबून ठेवला तर खांदा हलायला लागतो. झोप लागली की बहुधा सगळे थांबते. जाग आली की पुन्हा सुरू. या सगळ्यात बाई पूर्ण शुद्धीवर असते, बोलते, ओळखते, नमाजच्या वेळा तिला कळतात. आणि नेमके हेच लोकांना विचित्र वाटते. डोके शाबूत आणि हात मात्र दुसऱ्याच कोणाच्या हुकमात, म्हणजे ‘दुसरे कोणी’ असलेच पाहिजे.

आतमध्ये जे घडते ते असे. मेंदूच्या खोल भागात हालचालींना आवर घालणारी काही केंद्रे आहेत. पुटामेन आणि कॉडेट ही त्यांतली दोन. आपण चमचा उचलतो तेव्हा हवी ती हालचाल होऊ देणे आणि नको त्या शंभर हालचाली दाबून ठेवणे, हे काम ती करतात. दाबून ठेवण्यासाठी गाबा नावाचे रसायन ब्रेकसारखे वापरले जाते. साखर बराच काळ फार वाढलेली राहिली की रक्त दाट होते, त्या भागाला ऊर्जा पुरवण्याची व्यवस्था बिघडते, गाबा कमी पडतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान हे दुसरे. डॉक्टरांमध्ये यावर अजून चर्चा चालू आहे, पण ब्रेक सुटतो एवढे नक्की. मेंदूच्या उजव्या भागात बिघाड झाला की डावा हात नाचतो, डाव्या भागात झाला की उजवा.

यातली एक गोष्ट डॉक्टरांनाही चकवते. सीटी स्कॅनमध्ये तो भाग पांढरा दिसतो, आणि मेंदूतला रक्तस्रावही सीटीवर पांढराच दिसतो. एमआरआयमध्येही तो भाग एका विशिष्ट प्रकारच्या चित्रात चमकतो. त्यामुळे साखर न पाहता फक्त फिल्म पाहिली, तर बाईच्या नावावर ‘ब्रेन हॅमरेज’ लिहिले जाण्याची शक्यता असते. नोंदवलेल्या रुग्णांत साखर सरासरी चारशे मिलिग्रॅमच्या पुढे आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तेराच्या आसपास आढळली आहे. रुग्णांत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त, आणि त्याही बहुतेक वयस्क. काहींना तर आपल्याला मधुमेह आहे हेच त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. हात नाचला, म्हणून साखर सापडली.

आमच्या शाळेत नववीतली एक मुलगी सलग नऊ दिवस गैरहजर होती. निरोप पाठवला तर उत्तर आले, नानीचा हात धरायला कोणी नाही. मला वाटले नानी पडली असेल, प्लास्टर असेल. संध्याकाळी घरी गेले तर मुलगी खरोखर हात धरून बसली होती. दोन्ही हातांनी, आजीचा डावा हात आपल्या मांडीवर दाबून. सोडला की तो उडायचा. मनगटाला खरचटलेले, भिंतीला आपटून. दंडावर एक तावीज, गळ्यात दुसरा. नानी अगदी शांतपणे म्हणाली, “हात मेरा सुनताच नैं बेटी.” आणि मग मुलीकडे पाहून, “इसका इस्कूल बुडतंय.” आमच्या घरांतल्या बोलीत दख्खनी आणि कोल्हापुरी अशा एका वाक्यात नांदतात.

एका दवाखान्यात लकव्याचा झटका सांगून गोळ्या दिल्या होत्या. दुसऱ्या कोणी तरी अशक्तपणा सांगून सलाईन लावले. तिथेही हात थांबला नाही, तेव्हा मामूंनी एका बाबांना बोलावले. बाबांनी सांगितले, घराजवळच्या चिंचेचा असर आहे. मी विचारले, शुगर? सून म्हणाली, “शुगर हाय की. गोळी चालू हाय. म्हणजे, चालू होती.” गोळी चार महिन्यांपूर्वी संपली होती. मध्ये एकदा तपासले तेव्हा ‘नॉर्मल’ आली होती, मग आणली नाही. तहान खूप लागते, रात्री पाच-सहा वेळा उठते, हे सगळ्यांना ठाऊक होते. उन्हाळ्याचे दिवस म्हणून कोणाला काही वाटले नाही. शेवटी गल्लीतल्या मेडिकलवाल्याचे यंत्र आणून बोट टोचले, तर यंत्राने आकडाच दाखवला नाही, नुसते ‘हाय’ असा इंग्रजी शब्द आला. मुलीने तो वाचला आणि मला म्हणाली, “मॅडम, हाय म्हणतंय.” त्या घरात त्या दिवशी हसण्यासारखे तेवढेच होते. ‘हाय’ म्हणजे यंत्राच्या मोजपट्टीच्या बाहेर. बहुतेक यंत्रांत ते सहाशेच्या वर असते.

त्याच रात्री नानी मोठ्या रुग्णालयात दाखल झाली. इन्सुलिन, सलाईन, जोडीला हालचाली कमी करणारी एक गोळी. हात पहिल्या आठवड्यात मंदावला, महिन्याने जवळजवळ थांबला. सगळ्यांचे असेच होते असे नाही. काहींत हालचाल महिनोन्महिने रेंगाळते, काहींत साखर पुन्हा चढली की परत येते, क्वचित साखर आटोक्यात आल्यानंतर काही दिवसांनी ती सुरू होते. पण बहुतेकांत उपचाराचा गाभा एकच : साखर खाली आणा, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणा.

आता बाबांबद्दल. त्यांच्यावर राग काढून लेख संपवणे सोपे आहे, पण ते मला पटत नाही. शरीर आपल्या इच्छेविरुद्ध हलू लागले की माणूस अदृश्याकडे पाहतो, ही गोष्ट ना मुसलमानांची आहे ना कोल्हापूरची. कोरिया हा शब्दच ग्रीक भाषेतला, त्याचा अर्थ नाच. अरबी वैद्यकातही या आजाराचे नाव ‘रक्स’ या धातूवरूनच पडले, तोच रक्स जो आपण उर्दू शायरीत वाचतो. युरोपात याला संत व्हायटसचा नाच म्हणत. १५१८ साली स्ट्रासबर्ग शहरात माणसे दिवसेंदिवस नाचत सुटली, तेव्हा त्यांना याच संताच्या स्थानावर नेण्यात आले. तो आजार वेगळा होता, साखरेचा नव्हता. पण पाय कोणत्या दिशेला वळले ते पाहा. लहान मुलांना होणाऱ्या कोरियाचे नीट वर्णन सिडनहॅम या इंग्रज डॉक्टरांनी केले ते १६८६ मध्ये. म्हणजे युरोपालाही संताच्या चौकटीपासून दवाखान्याच्या दारापर्यंत यायला वेळ लागलाच.

आपल्या भाषांत तर या आजाराला घरगुती नावच नाही. लकव्याला आहे, फालिज आहे, अर्धांगवायू आहे. कापण्याला रअशा आहे, कंपवात आहे. मधुमेहाला उर्दूत जियाबितस असा भारदस्त शब्द आहे, जो मी फळ्यावर लिहिते आणि वर्गाबाहेर कधी ऐकत नाही. सगळ्यांसाठी ती ‘शुगर’. पण साखरेने हात नाचतो, यासाठी ना मराठीत शब्द ना उर्दूत. ज्याला नाव नाही त्याला लोक जवळचे नाव देतात, आणि जवळचे नाव ‘असर’ हेच असते. डॉक्टरांनी ‘कोरिया’ म्हटले की नातेवाईकांना देश आठवतो. मला वाटते ‘साखरेचा हातनाच’ म्हणावे. शब्द ओबडधोबड आहे, भाषेच्या शिक्षिकेला शोभणारा नाही. पण त्यात कारण आणि लक्षण दोन्ही आहेत, आणि मेडिकलच्या काउंटरवर तो सांगता येतो.

‘शुगर कमी झाली’ हे दुसरे नाव जास्त धोक्याचे, कारण ते अर्धे खरे असते. साखर कमी झाली की माणूस थरथरतो हे खरेच. पण तेव्हा घाम फुटतो, छाती धडधडते, भूक लागते, घाबरल्यासारखे होते, आणि दोन्ही हात कापतात. तिथे साखरपाणी जीव वाचवते, आणि यंत्र नसेल व अशी लक्षणे असतील तर शुद्धीवरच्या माणसाला ते द्यावेच. पण एकाच बाजूचा हात दोन दिवसांपासून वळवळतो आहे, घाम नाही, तहान भरपूर आहे, आणि आपण दर दोन तासांनी ग्लासभर साखरपाणी पाजतो आहोत, तर ते आगीत तेल आहे. नानीला तीन दिवस तेच चालू होते, मायेने. एक थेंब रक्त काढले असते तर एका मिनिटात फरक कळला असता.

लकव्याची शंका आली तर एक क्षणही थांबू नये, हे वेगळे सांगायला हवे. तोंड वाकडे होणे, हातात ताकद नसणे, बोलणे अडखळणे, असे काही दिसले तर गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. घरात यंत्र असेल तर बोट टोचा, नसेल तर शोधत बसू नका, रुग्णालय गाठा. तिथेही ते औषध देण्याआधी साखर तपासावीच लागते.

आता मूळ दुखण्याकडे येते. साखर एका रात्रीत सहाशेवर जात नाही. ती आठवडे, महिने चढत असते, आणि घरातली बाई ती अंगावर काढत असते. आपल्या मोहल्ल्यांत अब्बांची शुगर म्हणजे घराची बाब. त्यांची गोळी कोणी विसरत नाही, त्यांच्या चहात साखर पडली तर सून बोलणी खाते. अम्मीची शुगर ही अम्मीची वैयक्तिक बाब. ती उरलेल्या पैशांत गोळ्या आणते, उरलेला भात खाते, उरलेला शीरखुर्मा पातेल्यात सुकू नये म्हणून संपवते. पट्ट्या महाग म्हणून यंत्र अब्बांसाठी राखून ठेवायचे. शेजारणीची गोळी ‘तिला चांगली लागू पडली’ म्हणून मागून घ्यायची. ‘नॉर्मल आली’ की बंद करायची, जशी सर्दीची गोळी बंद करतात. गोळीमुळेच नॉर्मल आली, हे तिला कोणी समजावून सांगितलेले नसते. पाच मिनिटांच्या तपासणीत डॉक्टर सांगत नाहीत, आणि चिठ्ठीवरचे अक्षर तिला वाचता येत नाही.

त्यात आपला जिल्हा गुळाचा. साखर वाईट, गूळ चालतो, हे आमच्याकडे जणू घराण्याचे ज्ञान आहे. मधुमेह्याच्या रक्ताला गूळ आणि साखर यांतला फरक फारसा कळत नाही. हे वाक्य मी पालकसभेत बोलले तेव्हा एका आजोबांनी उभे राहून मला कोल्हापूरची लेक असण्याबद्दलच शंका व्यक्त केली होती.

रमजानवर लिहिताना मी जपून लिहिते, कारण हा श्रद्धेचा प्रश्न आहे आणि माझाही आहे. २००१ साली तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली होती, एपिडायर नावाची. टाइप दोनच्या रुग्णांत रुग्णालयात न्यावे लागेल इतकी साखर वाढण्याचे प्रमाण रमजानमध्ये जवळजवळ पाचपट आढळले. साखर एकदम खाली जाण्याचेही प्रमाण वाढले. उपाशी राहून साखर वाढते कशी, असे लोक विचारतात. गोळ्यांच्या वेळा बदलतात, काही जण त्या बंदच करतात, आणि मग इफ्तारला खजूर, शरबत, भजी, फळांचे ताट एका बैठकीत होते. आजारी माणसाला रोजातून सवलत कुरआननेच दिली आहे. नंतर भरून काढता येतो, आणि ज्याला तेही शक्य नाही त्याला फिदिया आहे. बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे आज बहुसंख्य उलेमा सांगतात. आमच्या बायकांना सवलत माहीत असते. पण ‘सगळ्या ठेवतात, मीच कशी नको ठेवू’ ही लाज सवलतीपेक्षा मोठी असते. ही लाज मिंबरवरूनच कमी होऊ शकते. शाबानच्या एखाद्या जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी दोन मिनिटे यासाठी दिली, तर ती माझ्या दहा लेखांपेक्षा जास्त काम करतील.

आणि दर्गा. २००१ साली ६ ऑगस्टला तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानात आग लागली. साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात मेले. आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा गुन्हा ठरवला. तो कायदा हवाच होता. पण नानीला कोणी बांधले नव्हते, मारले नव्हते; तिच्या दंडाला प्रेमाने तावीज बांधला होता. तिथे कायदा पोचत नाही.

तिथे काय पोचते याचे उदाहरण गुजरातेत आहे. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार यांचा दर्गा आहे, महाराष्ट्रातूनही पुष्कळ कुटुंबे तिथे जातात. त्या दर्ग्याच्या आवारात २००८ पासून ‘दवा-दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. मुजावरांना मानसिक आजारांची लक्षणे ओळखायला शिकवले गेले, आवारातच डॉक्टर बसू लागले, आणि दुआ मागायला आलेल्या माणसाला मुजावरच त्यांच्याकडे पाठवू लागले. दुआ बंद केली नाही, दवा जोडली. औषधोपचार करावा ही शिकवण तर हदीसमध्येच आहे, त्यामुळे मुजावरांना त्यात धर्माविरुद्ध काही वाटायचे कारण नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या ज्या दर्ग्यांवर दर जुमेरातीला हाजरीसाठी लोक येतात, तिथे डॉक्टर बसवणे कदाचित लगेच जमणार नाही. पण एक ग्लुकोमीटर, पट्ट्यांची एक डबी आणि ते वापरता येणारी एक व्यक्ती, एवढे जमायला काय हरकत आहे? ज्या ट्रस्टला उरुसाची रोषणाई परवडते, त्याला हे परवडते. मुजावरांनी फक्त क्रम बदलायचा. ज्याचे अंग आपोआप हलते आहे त्याचे आधी बोट, मग दुआ. आकडा तीनशेच्या वर आला तर दुआ थोडक्यात आणि रिक्षा थेट सीपीआरला. ज्या घराला डॉक्टरचे ऐकायचे नसते ते घरही मुजावराने सांगितले की ऐकते. ही सत्ता त्यांच्याकडे आहे, मग ती वापरावी.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई यादी घेऊन गल्लीत येतात, तेव्हा दार उघडणारी बाई घरातल्या पुरुषांची नावे सांगते आणि स्वतःचे शेवटी, तेही विचारले तर. आमच्या नववी-दहावीच्या मुली मोबाईलवर काहीही शोधू शकतात, यंत्राचा आकडा वाचणे त्यांना दोन मिनिटांचे काम. या सत्रापासून मी त्यांना एक वही करायला सांगितले आहे. घरातल्या प्रत्येक बाईचे नाव, शेवटची शुगर कधी तपासली, किती आली, गोळी कोणती आणि किती दिवसांची शिल्लक आहे. उर्दूत किंवा मराठीत, ज्या भाषेत नानीला वाचून दाखवता येईल त्या भाषेत. पहिल्या महिन्यात आलेल्या वह्यांपैकी बऱ्याच वह्यांत ‘शेवटची कधी’ या रकान्यात एकच शब्द होता : याद नहीं.

ती मुलगी शाळेत परत आली आहे. तिच्या वहीत नानीच्या ओळीखाली तिने स्वतःच्या अम्मीची ओळ जोडली आहे. अम्मी अडतीस वर्षांची. आकडा दोनशे बारा, जेवणानंतर दोन तासांनी. रिकाम्या पोटी पुन्हा तपासायचे आहे, सोमवारी. मी तारीख लिहून घेतली आहे.